लिफ्टमास्तरांची रजा

मास्तर हे काही मास्तर नव्हते. शाळेत शिकवायची त्यांची बायको, तेही आठवी-नववीला गणित, आणि मास्तर म्हणायचे यांना. ते लिफ्ट दुरुस्त करायचे. पण बंद पडलेली लिफ्ट नुसती चालू करून निघून जाणं त्यांच्याच्याने व्हायचं नाही. रखवालदार असो, जिन्यावर दम खात बसलेल्या आजी असोत, जो समोर सापडेल त्याला धरून ते समजावत बसायचे: काय बिघडलं होतं, कशामुळे बिघडलं होतं, आणि केबिन धाडकन खाली कोसळते हे सिनेमात दाखवतात ते कसं साफ खोटं असतं. ऐकणाऱ्याला त्यात काडीचा रस नसायचा. तरी मास्तर सांगायचे. त्यावरून नाव पडलं ते पडलंच.

परदेशी जायचं वगैरे त्यांच्या स्वप्नातही नव्हतं. एक बाहेरची कंपनी कुशल कामगार शोधत आली. तिकडे उंच इमारती ढीगभर, आणि हात काळे करायला माणसं मिळेनात. तोंडी परीक्षेत मास्तर चार वाक्यं कशीबशी बोलले, पण दरवाज्याचं कुलूप खोलून परत बसवायला सांगितलं तेव्हा समोरचे दोघं आपापल्या खुर्च्या पुढे ओढून बघायला लागले. काम झालं. व्हिसा मिळाला तो लिफ्ट मेकॅनिकचा, त्याच कंपनीपुरता, मास्तरांच्या नावावर. बायको आणि लेक त्या व्हिसाला जोडलेल्या.

"एका दोरावर लिफ्ट कधी टांगत नाहीत," मास्तर विमानात बायकोला म्हणाले होते. "चार-पाच असतातच. आपण मात्र तिघं एकाच दोरावर निघालोय बघ."

"शुभ बोला जरा," बायको म्हणाली, आणि हसली. तेव्हा हसण्यासारखं वाटलं होतं.

तिकडे त्यांना रंगाच्या दुकानावर दोन खोल्यांचं घर मिळालं. जिन्यात कायम ऑइलपेंटचा वास. बायकोची पदवी तिकडे चालेना, म्हणून ती एका हॉटेलच्या धुलाईघरात चादरींच्या घड्या घालायला लागली. "चार कोपरे जुळवायचे, कर्ण साधायचा. भूमितीच आहे," असं ती पहिले काही महिने सांगायची. मग सांगायची बंद झाली. लेक बारा वर्षांची होती. तिने वर्षभरात तिथली भाषा अशी उचलली की घरी आलेल्या गॅसवाल्याशी आईबापांच्या वतीने तीच भांडायची. तिला घरं बांधायला शिकायचं होतं. पुठ्ठ्याची लहान लहान घरं कापून ती खिडकीत मांडून ठेवायची, जिना-गच्चीसकट. लिफ्टची जागा मात्र बापाला विचारून ठरवायची.

कंपनीत माणसं जोडीने काम करायची. मास्तरांचा जोडीदार तिथलाच, निवृत्तीला टेकलेला, पांढऱ्या झुबकेदार मिशांचा. घरी त्याचं नाव मिशीकाका. त्यानेच एकदा विचारलं, "तुमच्याकडे तुला काय म्हणायचे?" मास्तरांनी सांगितलं. मिशीकाकाला तो शब्द धड उच्चारता यायचा नाही, पण त्या दिवसापासून तो तेच म्हणायला लागला, आणि बघता बघता कंपनीच्या गोदामातले सगळेच.

पाच वर्षं सलग, पूर्ण पगारावर काम केलं की कायमचं राहायची परवानगी मागता येत होती. एकदा ती मिळाली की मग व्हिसा नाही, कंपनी नाही, कुणाला काही विचारायचं नाही. चार वर्षं सरली होती. पाचव्याच्या सुरुवातीला, एका सकाळी मास्तर दात घासत असताना त्यांचा डावा कान एकदम भरून आला, पाण्याखाली गेल्यासारखा. आत कुठेतरी शिट्टी वाजायला लागली. त्यांनी मान झटकली, आणि न्हाणीघराची भिंत फिरायला लागली.

चक्कर त्यांना माहीत होती. उपाशीपोटी येते, उन्हात येते. ही तसली नव्हती. भिंत, नळ, आरसा, सगळं गरगरत एका बाजूला ओतलं जात होतं आणि थांबत नव्हतं. ते बेसिनला मिठी मारून खाली बसले. बायको धावत आली तेव्हा ते ओकत होते आणि डोळे घट्ट मिटून म्हणत होते, "मला धर, मी पडतोय." ते जमिनीवर बसलेले होते. आणखी पडायला जागाच नव्हती.

तिला वाटलं हृदय. हृदय निघालं नाही. बऱ्याच तपासण्यांनंतर कानाच्या डॉक्टरीणबाईंनी कागदावर गोगलगाईसारखं काहीतरी काढून दाखवलं. आतल्या कानातलं पाणी वाढतं, तोल सांभाळणारी यंत्रणा चुकीचे निरोप पाठवते, असा तो आजार.

"याने माणूस मरत नाही," डॉक्टर म्हणाल्या.

"बरा कधी होतो?" मास्तरांनी विचारलं.

"ते नाही सांगता येत. महिनोन् महिने येणार नाही, नाहीतर आठवड्यात तीनदा येईल. मीठ कमी करा, झोप नीट घ्या. आणि उंचावर चढायचं नाही, मशीनला हात लावायचा नाही. तुम्ही काम काय करता?"

मास्तरांनी सांगितलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

आजारपणाची रजा लगेच मिळाली. कंपनीच्या ऑफिसातल्या मॅडम फार भल्या बाई होत्या. "आधी तब्येत. कामाचं आम्ही बघू," असं त्या मनापासून म्हणाल्या. पण आपल्या माणसाला अंधारात ठेवायचं नाही हाही त्यांच्या भलेपणाचाच भाग होता. त्यांनी सांगितलं, की सुरुवातीचा काही काळ पगार पूर्ण मिळेल. मग निम्मा होईल. पगार निम्मा झाला की सलग वर्षांची मोजणी तुटेल, आणि तो पुरता थांबला की व्हिसाच्या कार्यालयाला कळवणं कंपनीला भाग आहे.

"नियम मी केलेला नाही," त्या म्हणाल्या. "पण उद्या तुम्हाला वाटायला नको, की मी सांगितलं नाही."

"नाही, नाही, सांगितलंत ते बरंच केलंत," मास्तर म्हणाले, आणि आभार मानून बाहेर पडले. आभार कशाचे मानले ते त्यांना बसमध्ये बसल्यावरही कळेना.

रजा म्हणजे कोचावर पडून पडद्याच्या दांडीकडे बघत राहणं. दांडी सरळ असली की दिवस बरा. घरात सगळ्यांचंच जेवण अळणी झालं, कारण दोनदोन भांडी करायला बायकोला वेळ नव्हता. "आईने हॉस्पिटलची मेस काढलीये," असं लेक म्हणायची, आणि बाप हसला की तिला जरा बरं वाटायचं. बायको हसायची नाही. ती धुलाईघरात जादा पाळ्या घेत होती. तिचे पाय संध्याकाळी उशीएवढे सुजायचे.

काही आठवडे असे गेले की मोठी चक्कर आलीच नाही. दोन लहान येऊन गेल्या, बसल्या जागी, भिंतीला टेकून निभावण्यासारख्या. त्या दोन्ही बायकोने पाहिल्या होत्या.

एका रविवारी दुपारी लेक बाहेर गेल्यावर बायको त्यांच्या समोर स्टूल घेऊन बसली.

"पूर्ण पगार कधी थांबतोय?"

"पुढच्या महिन्यात."

"आणि आपली पाच वर्षं भरायला किती राहिलं?"

हिशेब दोघांनाही पाठ होता.

"हा हिवाळा काढा," ती म्हणाली. "एवढाच. मग कागद हातात पडला की घरी बसा, झोपून राहा, मी काही म्हणणार नाही. मी कमवेन. पोरगी शिकेल. मग आपल्याला कोण हाकलतंय?"

"आणि वर उभा असताना आली तर?"

"येईलच असं कशावरून? इतके दिवस आली का?"

"दोनदा आली."

"ती मोठी नव्हती." मग तिचा आवाज उतरला. "अहो, मला काय कळत नाही का? मला भीती वाटत नाही का? पण परत जाऊन आपण करणार काय, ते सांगा. माझी शाळेतली जागा केव्हाच भरली. तिचं हे शेवटचं वर्ष. तुम्हाला तिकडे तरी कोण चढू देणार आहे लिफ्टवर?"

मास्तरांनी खूप विचार केला असं म्हणता येणार नाही. विचार करायला जागाच फार थोडी होती. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मध्यंतरी काही त्रास?" तेव्हा ते म्हणाले, "अजिबात नाही." उभ्या आयुष्यात त्यांनी कुठल्या ब्रेकबद्दल खोटं सांगितलं नव्हतं. हे सांगताना मात्र जीभ अडखळली नाही, आणि याचंच त्यांना नंतर जास्त वाटत राहिलं. डॉक्टरांनी दोनदा विचारून, नाइलाजाने, कामावर जायला हरकत नाही असं लिहून दिलं.

गोदामात मिशीकाकाने पाठीवर थाप मारली. "कानात काय झालं होतं रे?"

"पू झाला होता. गेला."

हिवाळाभर मास्तरांनी काम केलं. कसं केलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. कान भरून आल्यासारखा वाटला की ते पान्याचं निमित्त काढून खाली उतरायचे. मोटारीच्या खोलीत असले तर समोरच्या एकाच स्क्रूवर नजर रोवून बसायचे, तो स्क्रू फिरायचा थांबेपर्यंत. एकदा मिशीकाका म्हणाला, "हल्ली तू बोलत नाहीस काही. पूर्वी कान खायचास." मास्तर म्हणाले, "थंडी फार आहे." घरी आल्यावर बायको आधी त्यांच्या चेहऱ्याकडे बघायची, मग चपला काढायची. विचारायचं नाही असं जणू ठरलं होतं. लेकीला यातलं काही माहीत नव्हतं. बाबा बरा झाला, एवढंच तिला माहीत होतं, आणि ती परीक्षेच्या अभ्यासाला लागली होती.

हिवाळा सरत आला होता. एका ऑफिसच्या इमारतीत जुन्या लिफ्टची तपासणी होती. मास्तर केबिनच्या टपावर, हातात बटणांची पेटी घेऊन. मिशीकाका तळाच्या खड्ड्यात. खड्ड्यात माणूस असताना तिथलं लाल बटण दाबून ठेवायचं असतं, म्हणजे केबिन हलूच शकत नाही. पण तिथलं एक चाक फिरताना आवाज करत होतं, आणि ते फिरताना बघायचं तर केबिन थोडी हलवणं भाग होतं. म्हणून काकाने बटण सोडवलं आणि वर ओरडून सांगितलं, "थोडी खाली घे. हळू."

ती पेटी अशी असते, की बटण दाबून धरलं तरच केबिन चालते, सोडलं की थांबते. घाबरलेला माणूस हातातलं सोडून देईल, असा बनवणाऱ्याचा विचार. मास्तरांनी बटण दाबलं. केबिन गोगलगाईच्या चालीने खाली निघाली. आणि कानात शिट्टी वाजली.

या वेळी आधी काही सूचना नव्हती. दोर, भिंती, वरचा दिवा, सगळं एकदम डावीकडे कोसळलं. पडणारा माणूस हातातलं सोडत नाही, घट्ट धरतो. मास्तरांनीही जे हातात होतं ते जिवाच्या आकांताने धरून ठेवलं. बटण दाबलेलंच राहिलं. केबिन खाली जात राहिली.

"बस!" खालून आवाज आला. मग पुन्हा, "अरे बस! थांबव!"

मास्तरांना ऐकू येत होतं. आपल्याला काय करायला हवं तेही कळत होतं. पण बोटं आपली आहेत असं वाटेना.

केबिन थांबली ती मिशीकाकाने थांबवली. उकिडवं बसता बसता त्याने मागे कोपर हाणलं, आणि ते नेमकं लाल बटणावर बसलं. केबिनचं बूड तेव्हा त्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर होतं.

मास्तरांना खाली उतरवायला इमारतीच्या रखवालदाराला बोलवावं लागलं. ते भिंतीला टेकून बसले, बादलीत ओकले. मिशीकाका समोर उभा होता. त्याची टोपी खड्ड्यातच राहिली होती आणि विरळ केस घामाने कपाळाला चिकटले होते. तो शिव्या देईल, निदान ओरडेल, असं मास्तरांना वाटत होतं. त्याने थर्मासमधला चहा झाकणात ओतला, स्वतः प्यायला, मग पुन्हा ओतून त्यांच्या पुढे धरला.

"पू नव्हता ना?" तो म्हणाला.

"नाही."

"घरी सांगितलंयस?"

"बायकोला माहीत आहे."

मिशीकाकाने झाकण परत घेऊन थर्मासवर बसवलं. "मी कुणाला सांगणार नाही," तो म्हणाला. "तुझे दिवस भरत आलेत, मला माहीत आहे. मी दुसरा जोडीदार मागून घेईन, कारण विचारलं तर काहीतरी सांगेन. पण त्या दुसऱ्याला कोण सांगणार, मास्तर?"

मास्तर त्याच दुपारी ऑफिसात गेले आणि मॅडमना सगळं सांगितलं. डॉक्टरांपाशी खोटं बोललो तेसुद्धा. मॅडमचे डोळे भरून आले. त्या म्हणाल्या, "तुम्ही आलात हे फार मोठं काम केलंत." मग त्यांनी फोन उचलला, कारण आता त्यांना तो उचलावाच लागणार होता.

घरी बायको कपडे वाळत घालत होती. मास्तरांनी खड्ड्यापासून ऑफिसापर्यंत झालेलं सगळं तिच्या कानावर घातलं.

"तुम्ही होऊन सांगितलंत?"

"हो."

"मिशीकाकाने सांगितलं असतं?"

"नाही. म्हणाला, सांगणार नाही."

"मग?"

"खाली माणूस होता गं."

"आणि वर आपण तिघं होतो," ती म्हणाली.

तिने हातातला ओला शर्ट झटकला, दोरीवर घातला, चिमटे लावले. त्यानंतर दोन दिवस ती त्यांच्याशी कामापुरतंच बोलली. तिसऱ्या दिवशी तिनेच त्यांचं डोकं मांडीवर घेऊन तेल चोळलं, पण तो शब्द दोघांच्यामध्ये पडला तो पडलाच.

कंपनीने त्यांना वाऱ्यावर सोडलं नाही, हे मास्तर पुढे नेहमी सांगत. मॅडमनी खटपट करून त्यांना हलकं काम दिलं. लिफ्टमध्ये अडकलेली माणसं आतलं बटण दाबून जिथे फोन करतात, त्या टेबलावर त्यांना बसवलं. भाषा कामापुरती झाली होती, उजवा कान शाबूत होता. आणि गंमत अशी की माणूस या कामासाठीच जन्मल्यासारखा निघाला. पहिल्याच आठवड्यात एक बाई अडकल्या. किंचाळत होत्या, दोर तुटणार, मी मरणार.

"तुमच्या हातात काय आहे?" मास्तरांनी विचारलं.

"हातात? पिशवी. अंडी आहेत."

"फुटली का?"

बाई थांबल्या. "एक फुटलंय."

"बाकीची जपून खाली ठेवा. आता ऐका. तुमच्या डोक्यावर पाच दोर आहेत. त्यातला एक एकटा ती केबिन पेलतो." मग ते सांगत सुटले. दोर, ब्रेक, आणि हे सगळं फसलं तर रुळाला दात रोवून बसणारा खालचा चिमटा. आयुष्यात पहिल्यांदाच समोरच्याला ते सगळं ऐकायचं होतं. मेकॅनिक पोचेपर्यंत बाईंचा श्वास ताळ्यावर आला होता. वर म्हणाल्या, "एवढं आधीच कुणी सांगितलं असतं तर मी घाबरलेच नसते."

त्या संध्याकाळी मास्तर घरी येऊन खूप दिवसांनी पोटभर जेवले. अळणी असून. बायकोनेही दोन प्रश्न विचारले. चक्कर आली तर टेबलावर डोकं टेकायचं आणि शेजारच्याला खूण करायची, एवढं साधं होतं ते काम. मॅडमनी तर कायमची नेमणूक करायचीच तयारी चालवली.

मग कंपनीचे वकील आले. त्यांनी कागद चाळले आणि सांगितलं, की व्हिसा लिफ्ट मेकॅनिकचा आहे. टेलिफोनवर बोलणं हे त्या धंद्यात मोडत नाही. टेलिफोनवर बोलायला तिथली भरपूर माणसं मिळतात, त्यासाठी बाहेरचा माणूस आणता येत नाही, ठेवताही येत नाही. थोडे दिवस आजारपणाच्या नावाखाली चाललं, आता चालवलं तर कंपनीवर बालंट येईल.

"पण काम चांगलं करतात ते," मॅडम म्हणाल्या.

"त्याबद्दल वादच नाही," वकील म्हणाले.

मास्तर तिथेच बसले होते. त्यांनी एकच विचारलं. "म्हणजे मला इथे राहायचं असेल तर टपावरच चढायला हवं?"

"हो. आणि तुम्हाला चढू देता येत नाही."

वकील काही वाईट माणूस नव्हता. जाताना त्याने हात पुढे केला आणि मास्तरांनी तो हातात घेतला.

देश सोडायला दोन महिन्यांची मुदत मिळाली. लेकीची परीक्षा त्यानंतर होती. ती बापाला काही बोलली नाही, आईलाही नाही. शाळेत गेली, स्वतःच मुख्याध्यापकांना भेटली, व्हिसाच्या कार्यालयात फोन करून तासन् तास लाइनवर थांबली. मिशीकाकाने येऊन सांगितलं, "परीक्षेपर्यंत माझ्या घरी राहू दे. माझी म्हातारी सांभाळेल." लेकीचा चेहरा उजळला. पण तिचं राहणं बापाच्या व्हिसाला जोडलेलं होतं. बाप नाही तर तीही नाही. कुणाच्या घरात जागा आहे हा प्रश्नच नव्हता.

"मला कुणीच सांगितलं नाही," ती त्या दिवशी म्हणाली. ओरडली नाही. "तुम्हा दोघांना सगळा हिवाळा माहीत होतं. मी रोज अभ्यास करत होते. निदान मला सांगायचं होतंत. मी मनाची तयारी तरी केली असती."

"तुला त्रास नको म्हणून..." बायकोने सुरुवात केली.

"आई, प्लीज."

सामान बांधताना तिने पुठ्ठ्याची घरं खिडकीतून काढली. मास्तर म्हणाले, "एखादं नेऊ ना, मी हातात धरून नेतो." तिने मान हलवली. एकेक घर जमिनीवर ठेवून ती पायाने दाबत गेली, कागदाच्या कचऱ्याच्या डब्यात नीट मावावं म्हणून. गच्च्या, जिने, सगळं. ते करताना तिचा चेहरा अगदी शांत होता. मास्तर बघत राहिले. त्यांना त्या वेळी चक्कर आली असती तर बरं वाटलं असतं, असं ते नंतर एकदा बोलून गेले.

निरोपाला मिशीकाका विमानतळावर आला होता. "ते चाक अजून आवाज करतंय," तो म्हणाला. "तेल कमी पडलंय," मास्तर म्हणाले. बस, एवढंच.

परतल्यावर सगळं तसंच झालं जसं बायको त्या रविवारी स्टुलावर बसून म्हणाली होती. शाळेत जागा नव्हती. तिने घरी शिकवण्या सुरू केल्या. लेकीच्या तिकडच्या अर्धवट शिक्षणाचं काय करायचं ते इथल्या कुठल्याच कॉलेजला कळेना. या खिडकीतून त्या खिडकीत पाठवता पाठवता एक वर्ष गेलं, मग दुसरं. तिने बाहेरून परीक्षा द्यायचं ठरवलं आणि तोवर म्हणून फरशांच्या शोरूममध्ये नोकरी धरली. गिऱ्हाइकाला न्हाणीघराचा नकाशा काढून द्यायचा आणि किती फरशा लागतील ते सांगायचं. तोवरचं तसंच राहिलं. परीक्षेचं कुणी विचारलं तर ती "बघू" म्हणते. बापाशी ती नीट बोलते. वेळेवर जेवण वाढते, औषधं आणते. त्यात खोट काढायला जागा नाही, आणि त्यात ती स्वतः कुठे सापडतही नाही.

मास्तरांना लिफ्टच्या कंपन्यांनी दारातूनच नमस्कार केला. शेवटी मेहुण्याने आपल्या विजेच्या सामानाच्या दुकानात काउंटरवर बसवलं. मेहुणा स्वभावाने चांगला, पण चारचौघांत "आमचे दाजी फॉरेन रिटर्न" म्हणायची त्याला खोड. चक्कर येतच होती. आली की मास्तर वायरच्या वेटोळ्यांमागे जाऊन बसायचे.

मग एक विचित्र गोष्ट झाली. डाव्या कानाला हळूहळू ऐकू येईनासं झालं. शिट्टी गेली, फोनचा आवाज गेला, शेवटी त्या बाजूचं जगच गेलं. आणि त्याबरोबर चक्करही गेली. एक महिना आली नाही, दोन महिने नाही. मास्तर गुपचूप डॉक्टरकडे जाऊन आले. डॉक्टर म्हणाले, "या आजारात होतं असं. तो कान संपला. आता तो चुकीचे निरोपही पाठवणार नाही. चालण्याफिरण्याला, कामाला तुम्ही तसे ठणठणीत."

"उंचावर चढलं तर?"

"चढा की."

मास्तरांनी घरी काही न सांगता तिकडच्या मॅडमना कळवलं. उत्तर लगेच आलं, आणि खूप प्रेमाने लिहिलेलं होतं. वाचून फार आनंद झाला. सगळे आठवण काढतात. पण बाहेरून नवा माणूस घ्यायला वयाची जी अट आहे ती तुम्ही ओलांडली आहे, आणि कायमचं राहायची जुनी चार वर्षं आता धरता येणार नाहीत. क्षमा करा. मास्तरांनी ते दोनदा वाचलं आणि फोन खिशात ठेवला. इथल्या कंपन्यांकडेही ते गेले. एका कानाचा माणूस म्हटल्यावर त्यांनीही खुर्ची दिली, चहा दिला, काम दिलं नाही.

बायकोला त्यांनी सांगितलं नाही. का ते त्यांना नीट सांगता आलं नसतं. ती आजारपणाला सरावली होती. सगळं त्या आजाराने नेलं, असं म्हणून एक प्रकारची शांतता घरात बसली होती. आता आजारही नाही म्हटलं तर मग उरलं काय, ही भीती असावी.

एका दुपारी ती दुकानात डबा द्यायला आली. मास्तर शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभे होते, दोन्ही हात सोडून, छताजवळच्या फळीवरचे खोके उतरवत. ती दारातच थबकली. हाक मारली तर दचकून पडतील म्हणून तिने हाकही मारली नाही. मास्तर सराईतासारखे दोन खोके काखेत घेऊन खाली उतरले, वळले, आणि ती दिसली.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"वर्ष होत आलं."

"चक्कर अजिबात नाही?"

"अजिबात नाही."

तिने काउंटरवर हात टेकला. तिच्या मनात काय काय फिरून गेलं ते तिच्या चेहऱ्यावर दिसलं नाही. एवढी वर्षं वर्गात उभी राहिलेली बाई, तिला चेहरा सांभाळता येत होता.

"तिकडे विचारलंत?"

"विचारलं. वय निघून गेलं."

"आणि मला आज कळतंय."

"सांगून काय झालं असतं?"

तिने डब्याची पिशवी काउंटरवर ठेवली, पदराने मानेवरचा घाम टिपला.

"उद्यापासून डबा सकाळीच घेऊन निघत जा," ती म्हणाली. "दुपारी मला जमणार नाही."

ते खरंच होतं. दुपारच्या शिकवण्या वाढल्या होत्या. ती पायरी उतरून उन्हात निघाली. मास्तर काउंटरमागे उभे राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिले, मग त्यांनी खोके फोडायला घेतले.